झाडे लावाच, पण आधी हवेची गळती थांबवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून उजाडला की मोठ्या कंपन्यांच्या वृक्षारोपणाच्या बातम्या आणि पानभर जाहिराती वृत्तपत्रांत दिसू लागतात. झाडे लावायला कुणाचाच विरोध नाही. मात्र एखाद्या कंपनीने आपले कार्बन उत्सर्जन खरोखर घटवले की नाही, याचा निकाल तिच्या कॉम्प्रेसर रूममध्ये, बॉयलर हाऊसमध्ये आणि खरेदी विभागात लागतो. तिथल्या कामाबद्दल फारसे छापून येत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतला मोठा कारखाना घ्या. तिथली सर्वांत महाग ऊर्जा म्हणजे दाबाखालची हवा. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णता होऊन निघून जातो, यंत्राच्या टोकाला जेमतेम दहा-पंधरा टक्के कामी येतो. तरीही ती फुकट असल्यासारखी वापरली जाते. 7 बार दाबाच्या लाइनला 3 मिलिमीटरचे एक भोक असेल, तर तेवढ्यासाठी कॉम्प्रेसर साधारण 3 किलोवॅट जास्त ओढतो. तीन पाळ्यांत वर्षाचे 8,000 तास धरले तर झाले 24,000 युनिट. आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला जवळजवळ 17 टन. पूर्ण वाढलेले झाड वर्षाला ढोबळमानाने 20 किलो शोषते असे धरले, तरी या एका भोकापायी 840 झाडे खर्ची पडतात, आणि तीही वाढलेली, रोपे नव्हेत.

गळती मोजायला महागडे उपकरण लागत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी यंत्रे बंद ठेवायची, पण त्यांचे व्हॉल्व्ह उघडेच ठेवायचे आणि एकच कॉम्प्रेसर चालवायचा. लाइन भरली की तो अनलोड होतो, म्हणजे हवा भरायचे थांबतो; गळतीने दाब उतरला की पुन्हा लोड होतो, म्हणजे हवा भरू लागतो. आठ-दहा फेऱ्यांचे सेकंद टिपून घ्यायचे. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागले की कॉम्प्रेसरच्या क्षमतेपैकी किती हवा वाया जाते ते कळते. 1,000 सीएफएमचा (मिनिटाला 1,000 घनफूट हवा देणारा) कॉम्प्रेसर सरासरी 90 सेकंद लोड आणि 210 सेकंद अनलोड राहत असेल, तर 300 सीएफएम हवा कुणीही न वापरता जात आहे. तिच्यासाठी सुमारे 50 किलोवॅट चोवीस तास जळत असतात. ही रीत व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) लावलेल्या कॉम्प्रेसरला चालत नाही, कारण तो लोड-अनलोड न होता वेग कमी-जास्त करतो. तिथे फ्लो मीटरच हवा.

मुख्य पाइप क्वचितच गळतो. गळती असते ती शेवटच्या दहा फुटांत. पुश फिटिंग, क्विक कपलिंग, एफआरएलच्या (हवा गाळणाऱ्या, दाब ठरवणाऱ्या आणि तेल देणाऱ्या संचाच्या) वाटीचे सील, सिलिंडरचे झिजलेले पॅकिंग आणि पाणी निघावे म्हणून किंचित उघडा सोडून दिलेला ड्रेन व्हॉल्व्ह, हे नेहमीचे गुन्हेगार. बहुतेक कंपन्या एकदा मोहीम काढतात, लाल टॅग लावतात आणि छायाचित्र अहवालात जाते. पण फिटिंग बदलायला लाइन थांबवावी लागते आणि प्रॉडक्शन ती थांबवू देत नाही. काही महिन्यांत गळती होती तिथेच येते. मग टोकाच्या यंत्राला दाब पुरत नाही अशी तक्रार येते आणि त्यावर उपाय म्हणून कॉम्प्रेसरचे सेटिंग 6.5 वरून 7.5 बारवर नेले जाते. दाब वाढला की प्रत्येक भोकातून आणखी हवा जाते. याउलट दाब 1 बारने उतरवला तर कॉम्प्रेसरची वीज साधारण 6 ते 7 टक्के वाचते. त्यामुळे गळतीदुरुस्तीचा ठरावीक वेळ प्रॉडक्शन प्लॅनमध्येच धरला पाहिजे आणि गळतीचा टक्का मेंटेनन्सइतकाच प्लांट हेडच्या कामगिरीतही मोजला पाहिजे. बाकी सगळे उपाय याच्या नंतरचे.

वाफेची गत वेगळी नाही. यंत्राला उष्णता देऊन झालेली वाफ जवळजवळ उकळते, क्षारमुक्त पाणी होऊन परत येते. ते गटारात सोडणे म्हणजे इंधन, पाणी आणि पाणी मऊ करायचा खर्च, तिन्ही एकदम सोडणे. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचे तापमान 6 अंशांनी वाढले तर सुमारे 1 टक्का इंधन वाचते. थंड पाण्याऐवजी हे परतीचे पाणी (कंडेन्सेट) वापरल्यावर 8-10 टक्के बचत होते, ती याच हिशेबाने. बिघाड होतो तो स्टीम ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जाऊ देऊन वाफ अडवणाऱ्या झडपेत. सकाळी लाइन लवकर तापावी म्हणून बायपास उघडतात आणि तो दिवसभर उघडाच राहतो, किंवा ट्रॅपच्या सीटवर कचरा अडकून जिवंत वाफ सरळ परतीच्या टाकीत येते. टाकीच्या व्हेंटमधून पांढरा लोट सतत दिसत असेल, तर ट्रॅप तपासायला तेवढे कारण पुरे.

पेंट शॉपमधल्या धुलाईच्या टाक्यांना 50-60 अंश पुरतात. तिथे विजेचे हीटर किंवा वाफ वापरण्याऐवजी हीट पंप (एका बाजूची उष्णता ओढून दुसऱ्या बाजूला देणारे यंत्र) बसवला, तर एका युनिट विजेत तीन युनिटच्या आसपास उष्णता मिळते आणि त्याची थंड बाजू कूलंट गार करायला वापरता येते. दोन्ही गरजा एकाच वेळी नसतील तर मध्ये साठवणीची टाकी हवी, नाहीतर पंप सतत चालू-बंद होऊन लवकर बिघडतो.

फर्नेस ऑइल सोडून ब्रिकेटवर (शेतीतला काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या ठोकळ्यांवर) जाणे चांगलेच. पण पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेली ब्रिकेट ओली होते, निम्मी उष्णता पाणी उडवण्यातच जाते की काय असे वाटावे इतका धूर निघतो. कडबा-भुशातल्या पोटॅशमुळे राख मऊ होऊन नळ्यांना चिकटते. म्हणून बोली टनाची न करता उष्मांक आणि ओलाव्याची करावी आणि प्रत्येक गाडीचा नमुना काट्यावरच घ्यावा.

एअर कंडिशनिंगमधला गॅस अनेकांच्या हिशेबात येतच नाही. आर-134ए वायूचा एक किलो हवेत गेला तर तो सुमारे 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा असतो, आर-410ए चा त्याहून जास्त. चिलरमध्ये वर्षभरात 50 किलो गॅस ‘टॉप-अप’ केला, याचा अर्थ तेवढा आधी गळून गेला. खरेदीची बिले आणि सिलिंडरचे वजन जुळवले की हा आकडा अर्ध्या तासात निघतो.

आता सौर ऊर्जा. छतावरचा 1 मेगावॅटचा प्रकल्प महाराष्ट्रात वर्षाला 14-15 लाख युनिट देतो. वर्षाला 3 कोटी युनिट वापरणाऱ्या कारखान्याची त्यातून जेमतेम 5 टक्के गरज भागते. बाकीच्यासाठी ओपन ॲक्सेस (बाहेरच्या उत्पादकाकडून ग्रिडमार्गे वीज घेणे) किंवा ग्रुप कॅप्टिव्ह, म्हणजे प्रकल्पात किमान 26 टक्के भागभांडवल आणि निर्मितीच्या किमान 51 टक्के स्वतःचा वापर. हे अनेकजण करतात, ते योग्यही आहे. पण रात्रपाळीची भट्टी त्या वेळी कोळशाच्याच विजेवर चालते, कागदावर ती ‘हरित’ असली तरी. ताशी वापराचा आलेख पाहून जी कामे दिवसा हलवता येतात, जसे चिल्ड वॉटर साठवणे, बॅटरी चार्जिंग, पाण्याच्या टाक्या भरणे, ती हलवावीत. फाउंड्रीशेजारच्या छतांवर पॅनेलवर काळी धूळ बसते आणि बोअरच्या जड पाण्याने धुतले की क्षारांचा पांढरा थर राहतो. धुण्याचे पाणी मऊ हवे.

आकड्यांबद्दल आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर अहवाल (व्यवसायाची जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल) सक्तीचा केला आहे. बातमीत सहसा ‘उत्सर्जन तीव्रता इतक्या टक्क्यांनी घटली’ एवढेच येते. ही तीव्रता उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे काढतात. मालाचे भाव 10 टक्क्यांनी चढले आणि धूर होता तितकाच राहिला, तरी ती 9 टक्क्यांनी घटलेली दिसते. त्याच तक्त्यात स्कोप 1 (कारखान्यातल्या इंधनाचे आणि गळलेल्या वायूंचे) आणि स्कोप 2 (विकत घेतलेल्या विजेचे) उत्सर्जनाचे एकूण टन दिलेले असतात. ते शेजारी छापावेत आणि जमल्यास उत्पादनाच्या नगामागचा किंवा टनामागचा आकडा कंपनीकडून मागून घ्यावा.

स्कोप 3, म्हणजे पुरवठादारांचे आणि विकलेल्या मालाच्या वापराचे उत्सर्जन, त्या अहवालात ऐच्छिक आहे. वाहन कंपनीचा खरा भार मात्र तिथेच असतो. तिच्या इंजिनाचे ओतीव भाग शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून येतात. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला 550 ते 650 युनिट लागतात. झाकण उघडे ठेवणे, वाळू चिकटलेले गंजके भंगार टाकणे आणि साचे तयार नसताना वितळलेला रस तसाच धरून ठेवणे, या तीन कारणांनी हा आकडा वर सरकतो. त्याहून मोठी गोष्ट यील्डची, म्हणजे वितळवलेल्या लोखंडापैकी किती चांगला माल मिळतो याची. टनामागे 600 युनिट आणि यील्ड 60 टक्के असेल, तर एक टन चांगल्या मालासाठी 1,000 युनिट जातात. रनर-रायझर (साच्यात रस नेणारे आणि पुरवणारे, नंतर कापून टाकायचे भाग) आटोपशीर करून यील्ड 70 टक्क्यांवर नेले, तर 860 पुरतात. नवी भट्टी न घेता टनामागे सुमारे 100 किलो कार्बन वाचला.

हे फाउंड्रीवाल्याला कळत नाही असे नाही. रायझर बदलायचा म्हणजे नवे पॅटर्न (साचा करायचा नमुना), नमुन्यांची चाचणी आणि खरेदीदाराची मंजुरी. त्या मंजुरीला काही महिने लागतात आणि वाचलेले पैसे पुढच्या वर्षीच्या दरकपातीत खरेदी विभाग काढून घेतो. अशा स्थितीत पुरवठादाराला केवळ ‘कार्बन प्रश्नावली’ पाठवली तर तो अंदाजाने आकडे भरून देतो. मोठ्या कंपनीने सिम्युलेशनचा (संगणकावरच्या ओतकामाच्या चाचणीचा) आणि पहिल्या पॅटर्नचा खर्च उचलावा, मंजुरी 30 दिवसांत द्यावी, बचत निदान तीन वर्षे पुरवठादाराकडे राहू द्यावी आणि बिल कायद्याप्रमाणे 45 दिवसांच्या आत चुकते करावे. भट्टीवर वेगळा वीजमीटर बसवायचा खर्चही पहिल्या ऑर्डरमध्येच धरावा, कारण आज कित्येक छोट्या फाउंड्रींत सगळ्या शेडला मिळून एकच मीटर आहे.

आपला,
एक ऊर्जा लेखापरीक्षक, चिंचवड