काकू, तुमच्या अर्ध्या किलो बेदाण्याबद्दल

काकू, नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मग, झालीस का पास?" झाले, काकू. प्रमाणपत्र आलं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं एसीसी, म्हणजे असोसिएट सर्टिफाइड कोच. गडबडीत तुमचे आभार मानायचे राहिले, आणि ते फोनवर दोन शब्दांत उरकण्यासारखे नव्हतेच. म्हणून हे पत्र. सूनबाई वाचून दाखवतील. सगळ्यांसमोर लिहायला तुम्ही परवानगी दिलीत ("लिही की, मला काय लपवायचंय"), तरी तुमच्या मनातलं मी इथे काही लिहिणार नाही. आमच्या कामात ते चालत नाही. लिहिते ते माझ्या बाजूचं.

आपल्याकडे कोचिंग म्हटलं की दहावी-बारावीचे क्लासेसच आठवतात. मी हे शिकते म्हटल्यावर सांगलीत निम्म्या लोकांनी विचारलं, "गणित घेणार की सायन्स?" या कोचिंगमध्ये शिकवायचं नसतं, सल्लाही द्यायचा नसतो. ऐकायचं, प्रश्न विचारायचे आणि समोरच्याला त्याची वाट दिसेपर्यंत सोबत करायची. एसीसीसाठी ६० तासांचं शिक्षण, मेंटॉर कोचबरोबर (आपलं कोचिंग ऐकून चुका दाखवणाऱ्या अनुभवी कोचबरोबर) किमान तीन महिन्यांत मिळून १० तास, परीक्षा, आणि किमान ८ जणांबरोबर एकूण १०० तासांचा सराव लागतो. त्यातले ७५ तास मोबदला घेऊन केलेले हवेत.

माझा बेत सरळ होता. बँकेत कर्जाच्या टेबलावर १४ वर्षं झाली होती. प्रमाणपत्र मिळालं की पुण्यात एखाद्या मोठ्या कंपनीत मॅनेजर लोकांचं कोचिंग करायचं. ८ जणांचा आकडा भरायचा होता, म्हणून ओळखीतून तासगावला तुमच्याकडे आले. खरं सांगते काकू, तेव्हा तुम्ही माझ्यासाठी यादीतलं एक नाव होता.

फेब्रुवारी संपत आला होता. तुमच्या शेडमध्ये जाळ्यांच्या कप्प्यांवर द्राक्षं वाळत होती, वाळवण्याआधी द्राक्षं बुडवतात त्या डिपिंग ऑइलचा वास भरून राहिला होता. तुम्ही पोत्यावर बसून आधीचा माल निवडत होता. मी वही उघडली आणि कोर्समध्ये शिकवलेला पहिला प्रश्न विचारला, "आजच्या संवादातून तुम्हाला काय घेऊन जायचंय?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "घेऊन कुठं जायचं बाई? मी इथंच तर राहते."

मला पुढे काही सुचेना. तो प्रश्न इंग्रजीतून उचलून मराठीत ठेवलेला होता, आणि तुमच्या शेडमध्ये त्याला बसायलासुद्धा जागा नव्हती. माझी अडचण तुमच्याच लक्षात आली. म्हणालात, "मनात काय घोळतंय ते इचार की. ते सांगते." गेली दीड वर्षं मी प्रत्येक बैठकीची सुरुवात याच प्रश्नाने करते. कोर्सच्या कुठल्याही पानावर मला तो मिळाला नव्हता.

तुमच्या संमतीने केलेलं दुसऱ्या बैठकीचं रेकॉर्डिंग मेंटॉर मॅडमनी ऐकलं. ४० मिनिटांतली २३ मिनिटं मीच बोलत होते. सात ठिकाणी तुमचं वाक्य मी पुरं केलं होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुम्ही अजून कर्जाच्या टेबलावरच बसलाय." फार लागलं, कारण खरं होतं. समोर माणूस पोरीच्या लग्नाचं सांगायला लागला की मी फाइल ओढून "सात-बारा आणलाय का?" म्हणायचे. मागे रांग असायची, ते मला कळत होतं. पण त्या माणसाचं तोंड मिटायचं, तेही मला दिसत होतं.

तिसऱ्या बैठकीला मी ठरवून गप्प राहिले. तुम्ही एक मूठ बेदाणा घेऊन काड्या वेचत होता. त्या रेकॉर्डिंगमध्ये दीड मिनिट कुणाचाच आवाज नाही, फक्त सुपात दाणे सरकताना ऐकू येतात. माझ्या ओठावर तीन सल्ले आले, तिन्ही मी गिळले. मग तुम्ही ते एक वाक्य बोललात. हातातला बेदाणा तसाच सुपात सोडलात आणि म्हणालात, "हे मला ठाव होतं गं. पण तोंडातून आजच आलं."

निघताना पैसे नकोत म्हटलं तर तुम्ही रागावलात. "फुकटचं अंगाला लागत न्हाई. ही तुझी भवानी." आणि स्टीलच्या डब्यात अर्धा किलो बेदाणा भरून दिलात. फेडरेशनच्या नियमात मोबदला वस्तूच्या रूपातही चालतो, ते मी घरी येऊन तपासलं. माझ्या वहीत मोबदल्याच्या पहिल्या तासापुढे 'अर्धा किलो बेदाणा' असं लिहिलेलं आहे.

त्या संध्याकाळी एसटीत खिडकीपाशी बसले होते. कवठे एकंद मागे पडलं तेव्हा कळलं की मला पुण्याला जायचंच नाहीये. घरातली शेती, उधारी, पोरांची शिक्षणं डोक्यात वागवणाऱ्या बायका या तालुक्यात गावोगाव आहेत, आणि "तुमच्या मनात काय घोळतंय" असं त्यांना कुणी विचारत नाही. हे काम माझ्या भाषेत आहे, माझ्या रस्त्यावर आहे. चाळिशीत पहिल्यांदा मला कामावरून परतताना थकल्यासारखं वाटलं नव्हतं.

पुण्याच्या मुलाखतीला गेले नाही. बँक सोडली. पगाराएवढं अजून मिळत नाही, त्याची काळजी वाटतेच. पण १०० पैकी ६१ तास मी तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या ओसऱ्यांवर बसून पुरे केले. एका ताईंना कोचिंगची नाही, डॉक्टरांची गरज आहे हे ओळखून मिरजेला पाठवलं. आपलं काम कुठे थांबतं हेही शिकावं लागतं. त्या आता बऱ्या आहेत.

मेंटॉर मॅडमचे आभार मी वेगळे मानले आहेत. पण काकू, कोच मी तुमच्या शेडमध्ये झाले. तुम्ही मला बोलू दिलंत, मग गप्प बसू दिलंत, आणि दोन्हीत कधी घाई केली नाहीत. मनापासून आभार.

तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून राहिला. मंगळवारी भडंग भरून आणते. चहा मात्र तुमच्याच हातचा.

तुमची,
बँकेतली पोरगी