फोन आईचा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान 4 वर आमच्या गावातल्या रस्ता सुरक्षा कार्यक्रमाची बातमी वाचली. फोटोही पाहिला. व्यासपीठावर नऊ जण, समई, शाली, नारळ. मुलांची फक्त डोकी दिसतात, तीही मागून. वर मथळा : विद्यार्थ्यांचे प्रबोधन. हे प्रबोधन मी घरात बसून शब्दन् शब्द ऐकलं आहे, कारण विद्यालयाच्या कर्ण्याचं तोंड आमच्या सोप्याकडे असतं. वेगाची नशा वाईट, जीवन अनमोल आहे, घरी आई वाट बघते. दीड तास.

घरी आई वाट बघते, त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

अल्पवयीन मुलांच्या स्कुटर आवारात घ्यायच्या नाहीत असा विद्यालयाचा नियम आहे आणि तो कडक पाळला जातो. म्हणजे रखवालदार फाटकातून स्कुटर आत सोडत नाही. मग त्या जातात कुठे? गेल्या वर्षापर्यंत आमच्या अंगणात यायच्या. अकरा. पैसे मी कधी घेतले नाहीत, पण "ठेवा रे, तुळशीला तेवढा धक्का लावू नका" असं म्हणणारी मीच. कायदा माहीत नव्हता असंही नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. आमच्या अंगणात लागायच्या त्या सगळ्या 110 आणि 125 च्या, आणि पोरं अकरावी-बारावीची. पण दारात आलेल्या मुलांना नाही कसं म्हणायचं!

तर गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळचे साडेसात, पाऊस नुकता ओसरलेला, रस्ता ओला. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, फाटकाशी सायकल लावून मला पोळे, आमच्याकडचे पाव, देऊन गेला. मी पिशवी घेऊन पायरी चढते तोच मागे धाडकन आवाज. वळून बघते तर स्कुटर आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर, चार-पाच चिरे खाली आलेले, आणि पोरगा जास्वंदीच्या मुळाशी बसलेला. हेल्मेट होतं, कोपरात अडकवलेलं. हनुवटीतून रक्त. ज्या जागी स्कुटर आदळली तिथे अर्ध्या मिनिटापूर्वी पोदेर उभा होता.

मी पाणी आणायला धावले तर झुडपात काहीतरी वाजतंय. मोबाईल. हँडलखालच्या खणात ठेवलेला तो उडून पडला होता आणि तरी वाजत होता. पडद्यावर लिहिलेलं : आई. मी उचलला. "खंय पावलो रे? पावल्यार फोन कर म्हणून सांगिल्लें न्हय तुका?" कुठे पोचलास, पोचल्यावर फोन कर म्हणून सांगितलं होतं ना, असं कोंकणीत. मी म्हटलं, "पावलाय हो बाई. माझ्या अंगणात."

नंतर पोरानेच सांगितलं. घरातून निघून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि हा तिसरा फोन होता. दोनदा त्याने दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा न उचलावा तर घरी गेल्यावर बोलणी, म्हणून खाली वाकून नाव बघितलं. फक्त बघितलं, म्हणे. चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, हे गणित मी त्या दिवशी दुपारी कॅलेंडरच्या मागे मांडलं. तीन सेकंद मान खाली, म्हणजे तेहतीस मीटर. आमच्या गडग्यापासून पिंपळाच्या पारापर्यंत मी चालून बघितलं, सत्तेचाळीस पावलं. एवढा रस्ता तो पोरगा डोळे मिटल्यासारखा आला. त्या टप्प्यात पिंपळ आहे, बसथांबा आहे, आणि वळणही आहे.

आता सांगा, व्यासपीठासमोर बसवायचं कोणाला?

वडील पंधरा मिनिटांत आले. आधी पोराची हनुवटी बघितली, मग स्कुटरचा पुढचा मडगार्ड, मग माझ्याकडे. "मावशी, पोलिसांपर्यंत नको. बारावीचं वर्ष आहे." गडग्यासाठी दोन हजार काढून दिले. मी घेतले, खोटं कशाला सांगू. माझा नंबरही त्यांनी लिहून घेतला, गवंडी मिळाला की कळवा म्हणाले. पोराच्या हनुवटीला चार टाके पडले.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 199 अ आलं आहे. अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. पोराने न सांगता गाडी नेली असं म्हणायचं असेल, तर ते सिद्धही पालकानेच करायचं. दीड तासाच्या भाषणात या कलमाचा उल्लेख एकदाही आला नाही. येणार कसा? समोर पालक नव्हतेच, आणि व्यासपीठावर होते ते सगळे पालकच.

दारूचाही विषय निघाला म्हणा, पण 'व्यसनांपासून दूर राहा' एवढ्यावर आटोपला. आपल्या गोव्यात बाणस्तारीच्या पुलावर 2023 च्या ऑगस्टमध्ये अपघातात तिघांचे जीव गेले तेव्हा दारूवर पुष्कळ लिहून आलं. आपल्याकडे एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय दारू देता येत नाही, तरी दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री कुठल्याही तिठ्यावर उभं राहावं आणि किती जणांना मिसरूड फुटलीय ते मोजावं. पहाटे हीच पोरं एका स्कुटरवर तिघं-तिघं बसून घरी येतात. आणि उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या दिवसांत "घे रे एक घोट, काय होत नाही" म्हणणारा काका प्रत्येक घरात एक असतोच. आमच्याही आहे. तो हे पत्र वाचेल, वाचू दे.

तुमच्या सदराला तीनशे शब्दांची मर्यादा आहे हे माहीत आहे. पुण्यात 2024 च्या मे महिन्यात गाडीखाली दोघांचे जीव गेले, तेव्हा ती चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलालाही आधी तीनशे शब्दांचाच निबंध लिहायला सांगितला होता. मी कोणाला उडवलेलं नाही, म्हणून थोडे जास्त घेते. मागच्या खेपेस माझं बसबद्दलचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत आणि खाली राहिली ती फक्त थांब्याला शेड हवी एवढी मागणी. शेड मी मागितलीच नव्हती. दीड वाजता सुटणाऱ्या मुलांना बस मिळत नाही, कारण बस भरून येते आणि थांबत नाही, हे माझं म्हणणं होतं. पालकांना विचारलं तर तेही हेच सांगतात : बस नाही, मग गाडी न देऊन करणार काय? यात तथ्य आहे. परवा तर ती थांबूच शकली नसती. थांब्यावर ओळीने पाहुण्यांच्या गाड्या लावलेल्या होत्या, रस्ता सुरक्षेच्या. मुलं उन्हात उभी होती आणि बस समोरून निघून गेली.

अपघातानंतर मी अंगण बंद केलं. अकराच्या अकरा स्कुटर आठ दिवसांत पलीकडच्या घरी गेल्या. त्यांनी वर पत्रा घातलाय आणि दिवसाला दहा रुपये घेतात. माझ्याशी बोलत नाहीत, कारण मी त्यांच्या धंद्यावर उठलेय असं त्यांना वाटतं.

तो मुलगाही तिथेच ठेवतो. तीच स्कुटर, मडगार्ड नवा. जाता-येता हॉर्न वाजवून "मावशी" म्हणतो, स्वभावाने गुणी आहे. आणि त्याची आई? गवंड्यासाठी दिलेला माझा नंबर तिच्याकडे पोहोचलाय. त्याने फोन उचलला नाही की आता ती मला फोन करते. "मावशी, आमचा बाबू तुमच्या दारावरून पार झाला काय?" आज सकाळी साडेसातलाही आला होता. मी सांगितलं, आत्ताच गेला. मागे दोघांना घेऊन.

आपली,
एक वाचक, फोंडा तालुका