तुझे पाच हजार अनामत खाती

लोकमान्य नगर, इंदूर

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पैसेच जमवायचे होते तर खाते नंबर पाठवून मोकळं व्हायचं. सव्वाशे माणसांना शेतात नेऊन जेवू कशाला घातलंत?" तुझी मीटिंग सुरू व्हायची होती, तेव्हा मी नुसतं "बरं बरं" म्हटलं. आज आईला भजनाला सोडून आलोय, हाताशी तासभर आहे.

आधी बावडीचं. कंपेलच्या वाटेवरचं आपलं गाव तुला आठवतं ते आंब्यांमुळे, पण आंब्यांमागे ती काळ्या दगडाची बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. तू सातेक वर्षांची असताना तिच्या तिसऱ्या पायरीवर तुझी चप्पल पडली आणि गावातल्या पटेलबांनी ती काठीने काढून दिली. आता त्या पायरीपर्यंत गाळ आलाय. गावात बूट निघाला की वरून स्लॅब टाकून चौक करावा, लग्नाचे मांडव घालायला बरं. मला 2023 ची रामनवमी आठवली. इथेच इंदुरात मंदिरात हवन चालू असताना झाकलेल्या बावडीचं छत खचलं आणि 36 माणसं गेली. मी पटेलबांना एवढंच म्हटलं, "झाकू नका, उपसू या. पैशाचं मी बघतो." बोलून बसलो आणि मग धाबं दणाणलं.

गावात कुणालाही विचार, बावडी अहिल्याबाईंची. माळव्यात बावडी म्हटली की ती अहिल्याबाईंचीच असते! मी आयुष्यभर विक्रीकर खात्यात कागद मागितले, इथेही मागितला. कागद नाही. म्हणून पंगतीच्या पत्रकात मी "जुनी बावडी" एवढंच छापलं आणि त्यावरून दोन जण माझ्याशी अजून बोलत नाहीत.

कागद आहेत ते कंपेलचे. हे तुला कधी नीट सांगितलं नाही. मुघलांच्या वेळी आपलं इंदूर कंपेल परगण्यातलं एक खेडं होतं. कचेरी कंपेलला, वसूल कंपेलला. तिथले जमीनदार राव नंदलाल मंडलोई (ज्यांच्या नावाच्या नंदलालपुऱ्यात तू माझं बोट धरून मेथीच्या जुड्या मोजायचीस, तेच) यांनी 1716 मध्ये इंदुरातल्या व्यापारासाठी करमाफीची सनद मिळवली. माल आणा, विका, जकात नाही. व्यापारी धावले. चारच वर्षांत, 1720 ला, परगण्याची कचेरीही कंपेलहून इंदुरात आली. होळकर आले त्यानंतर, आणि राजधानी महेश्वरहून इथे आली ती तर 1818 ला, मंदसोरच्या तहानंतर. म्हणजे आपल्या शहराचा पाया करमाफीवर! एका विक्रीकरवाल्याला हे पचवायला किती जड गेलं असेल, कल्पना कर.

तेव्हापासून त्या बाजूचा गहू, लसूण, बटाटा, दूध सगळं शहरात येतं आणि इथून तिकडे जातो फक्त धूर. मला वाटलं, एक दिवस उलटा हिशेब करावा. शहराने तिकडे जाऊन जेवावं आणि जेवणाचे पैसे तिथेच ठेवून यावेत.

पानामागे पाचशे. अट एकच, पानात गावचंच. ही अट घालताना मला फार शहाणा झाल्यासारखं वाटलं होतं. मग पटेलबांच्या सुनेने विचारलं, "काका, मीठ?" मीठ अटीतून सोडलं. हिंग सोडला. गराडू या कंदाच्या तळलेल्या फोडींवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्यात लवंग असते, ती काय कंपेलच्या शेतात येते? तीही सोडली. आणि गंमत पुढे आहे. पावसाळ्यात त्या शिवारात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन, पण पानात वाढायला त्याचं काहीच नाही. पटेलबा सांगत होते, त्यांच्या लहानपणी पावसाळ्यात ही काळी जमीन पडीकच ठेवायचे, चिखलात औत चालत नसे. थोडा मका-ज्वारी, बाकी सगळी मदार गव्हा-हरभऱ्यावर. सत्तरच्या दशकात सोयाबीन आलं आणि पावसाळ्याचं पीक हाती लागलं. त्यावर मुलं शिकली, पण ते घरात येतच नाही, खळ्यावरून थेट मंडीत.

तेव्हा बेत ठरला तो असा: मालवी कठिया गव्हाचे बाफले, तुरीची डाळ, कढी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, पातीच्या लसणाची चटणी, तळलेले गराडू आणि बाफल्याच्याच चुरम्याचे लाडू. आपल्या भिशीतल्या एकीने "पनीर नाही?" असं विचारलं. असो.

बाफल्यांनी मात्र माझी अब्रू काढली होती. आपल्या कॉलनीतल्या उत्साही मंडळींनी गोळे वळायचं काम अंगावर घेतलं आणि क्रिकेटच्या चेंडूएवढे वळले. वर अंगठ्याने खड्डा पाडतात तोही नाही. हळदीच्या पाण्यात उकडताना बाफला तरंगून वर आला की काढायचा. हे धोंडे तळाशीच बसले. कुणीतरी घाईने तसेच काढून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर टाकले, वरून खमंग तांबूस झाले, फोडले तर आत ओली कणीक. पटेलबांच्या सुनेने एक फोडून नुसता मला दाखवला. बोलली काहीच नाही. पदर खोचला, गावातल्या चार जणींना हाक मारली आणि उरलेल्या कणकेचे निम्म्या आकाराचे गोळे पाऊण तासात तयार! तोवर शहरातली पाहुणे मंडळी बावडीच्या काठावर उभी, भुकेली. त्यामुळेच त्यांनी बावडी नीट बघितली असं माझं मत आहे. एरवी सेल्फी काढून पंगतीत बसले असते.

मग तो बाफला पानात आला. दोन्ही तळव्यांत दाबून तोडला की वाफ निघते, आत रवाळ पिवळसर कणीक, आणि सुनेने त्यावर पळीने नव्हे, तांब्याने तूप ओतलं. "जीमो सा, जीमो!" करत पटेलबा काठी टेकत रांगेतून फिरत होते. मला एकच गोष्ट टोचत होती, गाव वाढतंय आणि शहर बसलंय. दुसऱ्या पंगतीला गावकऱ्यांना बसवलं आणि आम्ही वाढायला घेतलं. मी डाळीची बादली उचलली आणि तिसऱ्या पानाशी कंबर धरली. आईला सांगू नकोस.

पत्रावळी, उष्टं, गोवऱ्यांची राख, सगळं बांधाकडेच्या खड्ड्यात शेण-मातीच्या थरांनी भरलं. कंपोस्ट खताची इंदूर पद्धत म्हणतात ना, तीच. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती इथल्याच प्लांट इन्स्टिट्यूटमध्ये 1924 ते 31 च्या दरम्यान बसवली, त्याच जागी आताचं कृषी महाविद्यालय आहे. गांधीजीही 1935 ला तिथलं कंपोस्ट बघायला गेले होते. शेण जाळू नका, जमिनीला द्या, हा हॉवर्डसाहेबांचा धोशा. आमच्या गोवऱ्या बघून त्यांनी कपाळाला हात लावला असता, पण बाफला गॅसवर होत नाही, त्याला मी काय करू? तीन वेळा पालटलं की तीन महिन्यांत खत तयार होतं.

आता हिशेब. पानं 126, जमा 63,000. खर्च 21,400, त्यात तूप सर्वांत मोठं. धान्य-भाजीचे पैसे गावाने घेतले नाहीत, तुपाचे घ्यायला मीच लावले. शिल्लक 41,600. गाळ उपसायला मिस्त्री सत्तर हजार सांगतो, म्हणजे मार्चमध्ये नवा गहू आला की आणखी एक पंगत.

तू पाठवलेले पाच हजार या जमेत धरलेले नाहीत. वहीत एकच रकाना आहे, "जेवणापोटी", आणि तू जेवलेली नाहीस. तूर्त ते अनामत खाती टाकलेत. मार्चची रजा टाक, एक बाफला संपव, मग वर्ग करीन.

तुझा,
बाबा