‘बचत पॅक’ची महागाई आणि एमआरपीपेक्षा जास्त आकारणीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

महोदय/महोदया,

आपल्या मुलुंड शाखेतून आम्ही दोन घरांचा महिन्याचा किराणा एकत्र भरतो. या वेळच्या खरेदीतल्या काही गोष्टींबद्दल ही तक्रार आहे.

तूरडाळीच्या मांडणीवर ‘बचत पॅक’ अशी पिवळी पट्टी लावून 2 किलोची पिशवी 384 रुपयांना ठेवली आहे. शेजारीच त्याच कंपनीचे अर्ध्या किलोचे पाकीट 92 ला. अशी चार पाकिटे घेतली तर 368 होतात, म्हणजे ‘बचती’चे 16 रुपये जादा. पाकीट उलटून पाहिले तरी हे कळत नाही, कारण त्यावर छापलेला ग्रॅमचा किंवा किलोचा दर एमआरपीवरून काढलेला असतो. छोट्याची एमआरपी 110, म्हणून ग्रॅमला 22 पैसे; मोठ्याची 420, म्हणून किलोला 210 रुपये. छापील हिशेबात मोठी पिशवीच स्वस्त. तुमची सूट मात्र छोट्यावर किलोमागे 36 रुपये आणि मोठ्यावर 18, आणि तिथे गणित उलटते. एकावर दर ग्रॅममध्ये, दुसऱ्यावर किलोत, तोही घोळ वेगळाच.

तेलाचेही तसेच. ‘12 रुपये कमी’ लिहिलेली 146 ची पिशवी 800 ग्रॅमची आहे, तर 158 ची 910 ग्रॅमची, म्हणजे लिटरभर. 910 ग्रॅमला पहिली 166 च्या वर पडते. दोन्ही पिशव्या लांबून सारख्याच दिसतात. हे बेकायदा आहे असे आमचे म्हणणे नाही. पण मुंबई ग्राहक पंचायत या ग्राहक संस्थेच्या संघांतून 1975 पासून एकत्र खरेदीचा माल वाटून घेणाऱ्या या शहरात किलोमागे भाव काढणारी माणसे भरपूर आहेत, एवढे लक्षात असू द्या.

चहाचे प्रकरण मात्र सरळ चूक आहे. अर्ध्या किलोच्या जुन्या पाकिटावर एमआरपी 265, बिलात 272. नव्या मालाची एमआरपी 280 आहे आणि बारकोड तोच. एका बारकोडवर दोन एमआरपी असल्या की काउंटरवर स्क्रीनवरून योग्य ती निवडावी लागते. घाईत नवी निवडली गेली आणि तिच्यावरची सूट वजा जाऊन 272 लागले असावेत. पण एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. जुना माल संपेपर्यंत प्रत्येक पाकिटामागे हेच होऊ शकते.

तरी चहाचे 7 रुपये परत करावेत, जुन्या एमआरपीचा माल वेगळ्या खणात ठेवावा आणि मांडणीच्या पट्टीवर विक्रीच्या किमतीवरून काढलेला दर लिहावा: सगळ्याच पाकिटांना किलोचा, तेलालाही. 15 दिवसांत उत्तर न आल्यास चहाची तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि वैध मापनशास्त्र (वजनमाप) निरीक्षकांकडे नोंदवू.

सोबत चहाच्या पाकिटाचा फोटो आणि बिलाची झेरॉक्स. मूळ बिल आमच्याकडे आहे, पण त्याची शाई उडायला लागली आहे.

आपले ग्राहक,
मुलुंड (पूर्व)