ग्रीस काऊन भरलं?

मानेवाडा, नागपूर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू वर्कशॉपमध्ये केलेल्या स्क्रू जॅकचा, म्हणजे स्क्रू फिरवून ओझं उचलायच्या जॅकचा, व्हिडिओ चारदा पाहिला. आईने शेजारच्या काकूंना दाखवला, त्यांनी जावयाला पाठवला, म्हणजे आता अर्ध्या मानेवाड्याने तुझा जॅक पाहिला असं समज. बॉडीवरचं नर्लिंग, ती पकडीसाठीची खडबडीत नक्षी, एक नंबर. हिरे कसे सारखे उठले आहेत, कुठे दुहेरी रेघ नाही. पाचव्यांदा मात्र मी आवाज मोठा करून पाहिला. तू स्पिंडल, म्हणजे आटे पाडलेला मधला स्क्रू, फिरवते तेव्हा काहीच ऐकू येत नाही, आणि वर तोंडाशी ग्रीसची पिवळी वळी बाहेर येते.

आट्यात एवढं ग्रीस काऊन भरलं?

फोनवर विचारणार होतो. पण फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" करते आणि मागे रूममधल्या पोरी हसत असतात. म्हणून कागद घेतला.

नवा आटा पहिल्यांदा फिरवला की थोडा खरखरतो. दोन थेंब तेल सोडलं की गप्प होतो. त्याला ग्रीसने ठासून भरावं लागतं ते आत जागा जास्त झाली म्हणजेच. १६ एमएमचा आटा, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, २; त्यावरून स्पिंडलवर खोली साधारण १.२३ एमएम. बॉडीला १४ चं ड्रिल मारून आतला आटा पाडायला टॅप फिरवला असशील, तिथे चुकायला फार वाव नाही. चूक स्पिंडलवर झाली. माझा अंदाज सांगतो: शेवटच्या दोन कटांच्या मध्ये तू नट लावून पाहिला नाही. किंवा टूल मागे घेऊन परत आत नेताना क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश, म्हणजे हँडलची रिकामी फिरकी, विसरली आणि डायलवर विश्वास ठेवला. पाव मिलिमीटर जास्त गेलं की जॅक डमरूसारखा वाजतो.

मला कसं कळलं? कारण ग्रीस भरून प्ले, म्हणजे आतला ढिलेपणा, लपवणं मलाही येतं. आमच्या पिढीने शोधलेली विद्या आहे ती, तुमची नाही.

तुमच्या जुन्या लेथचा टूल पुढे नेणारा लीडस्क्रू इंची आहे, असं तू दिवाळीत सांगितलं होतं. तिथे टूलला त्या स्क्रूशी जोडणारा हाफ नट न उघडता मशीन उलट फिरवून टूल मागे आणलं, हे मात्र तू बरोबर केलं. नाही तर दुसरा कट पहिल्याच्या डोक्यावर बसला असता. त्या मशीनच्या गिअरांत १२७ दातांचा एक गिअर असतो, तो पाहून ठेव. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. इंची स्क्रूवरून मिलिमीटरचा आटा पाडायला तो लागतो. तुझे आजोबा एम्प्रेस मिलच्या मेकॅनिक खात्यात होते. टाटांची ती मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली, तिथे सगळा कारभार इंचाचा. आजोबा सूत (इंचाचा आठवा भाग) आणि थाऊ (इंचाचा हजारावा) बोलायचे, मी मिलिमीटरवर आलो, तू मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा) बोलते. तो गिअर पाहिला की मला आपलं घरच आठवते.

आता जे आईलाही नीट सांगितलं नाही ते सांगतो.

१९९८ चा मे. मी हिंगणा एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात टर्नर होतो. ५० एमएमचे शाफ्ट होते, मापात सवलत शून्य ते उणे १६ मायक्रॉन. खरं तर ग्राइंडिंगचं काम, पण ग्राइंडर बंद पडला होता आणि मालकाला माल संध्याकाळी हवा होता. लेथवरच फिनिश करून राहिलो होतो. कूलंटचा पंप जळलेला, काम कोरडंच. बाहेर ४५ डिग्री, शेडवर पत्रे, जॉब हातात धरवत नव्हता. मी कापडाने धरून मायक्रोमीटर लावला. ४९.९९ च्या रेघेच्या अर्धा घर पुढे. म्हणजे ४९.९९५. एकदम मापात! अकरा शाफ्ट तसेच मोजून ठेवले.

रात्री ते निवले. पोलाद एका डिग्रीला मीटरमागे जवळपास १२ मायक्रॉन वाढते, हे तू पुस्तकात वाचलंच आहे. जॉब मायक्रोमीटरपेक्षा ३० डिग्री गरम असेल तर ५० एमएमवर १८ मायक्रॉन. सकाळी तपासणीला सगळे ४९.९७७ च्या आसपास. चालणारं शेवटचं माप ४९.९८४. अकराही भंगार.

सुपरवायझरने विचारलं, शेवटी हात कोणी लावला? दुसऱ्या पाळीत वाडीकडून येणारा एक पोरगा होता, शिकाऊच, तुझ्याएवढा. त्याने फक्त त्या शाफ्टच्या कडांची बर, म्हणजे धारदार कूस, घासली होती. पॉलिश पेपर जास्त मारला असेल, असं कोणीतरी म्हणालं. मी तिथेच उभा होतो. मला रात्रीच शंका आली होती, कारण घरी येताना सायकलवर अचानक आठवलं की माझा मायक्रोमीटर डब्यात गार होता. तरी मी बोललो नाही. त्याची तीन दिवसांची मजुरी कापली. महिनाभरात तो सोडून गेला. कुठे गेला माहीत नाही. त्याचं नाव मला पाठ आहे, पण कागदावर लिहायला हात धजत नाही.

तुझ्या जॅकमुळे कोणाची मजुरी कापली जाणार नाही, हे मला समजते. तुझ्या सरांनी फिरवून पाहिला, छान म्हणाले, मार्कही दिले असतील. पण तू एक कर. ग्रीस रॉकेलने धुऊन काढ, जॅक सरांपुढे ठेव आणि सांग की स्पिंडलचा आटा खोल गेला आहे. ते रागावले तर ऐकून घे. नवं स्पिंडल कर म्हणाले तर कर, आणि या वेळी खोली १.१ वर गेली की दर कटाला नट लावून पाहा. जॉब गरम असेल तर थांब. चहा पिऊन ये.

जुनं स्पिंडल आणि मार्क मिळालेली बॉडी मिळाली तर घेऊन ये, भंगारात टाकू नको. इथे त्याची गरज आहे. आईने परवा कूलर काढला, वाळा बदलला, आणि अंगणातल्या स्टँडचा एक पाय पुन्हा अधांतरी. दरवर्षीप्रमाणे विटेचा तुकडा आणि तुझी जुनी चप्पल खाली सरकवली आहे. टाकीत पाणी भरलं की स्टँड डुलतो आणि रात्रभर पत्रा वाजतो. तुझा जॅक तिथे बरोबर बसेल. वरून वजन आलं की आटा एकाच बाजूला टेकतो, मग आत प्ले कितीही असो, खडखडणार नाही. फक्त पंख्याच्या थरथरीने तो हळूहळू फिरून खाली बसू नये म्हणून एक १६ चा चेक नट सोबत आण. २४ चा पाना घरी आहे.

आई विचारून राहिली की तू कधी येते. चप्पल तिला परत हवी आहे, झाडझूड करताना घालायला.

तुझा,
बाबा