सीटी अँजिओग्राफीतील किरणमात्रा अहवालात छापावी

महोदय,

छातीदुखीच्या रुग्णांना सीटी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची सीटी स्कॅन तपासणी, आता सर्रास सुचवली जाते. मात्र तीत क्ष-किरणांची मात्रा किती, हे रुग्णाला क्वचितच सांगितले जाते. बीटा-ब्लॉकरची गोळी देऊन नाडी मिनिटाला साठच्या आसपास आणली, ईसीजीशी जुळवून हृदय स्थिरावते तेवढ्याच क्षणी किरण सोडले आणि सडपातळ रुग्णासाठी क्ष-किरण नळीला 120 ऐवजी 100 किलोव्होल्ट विद्युतदाब वापरला, तर प्रतिमा स्पष्ट राहूनही मात्रा निम्म्याहून कमी होऊ शकते. त्यासाठी दर वेळी नवे यंत्रच लागते असे नाही. नाडी उतरेपर्यंत तासभर थांबण्याची तयारी लागते, आणि गर्दीच्या केंद्रांत नेमकी तीच कमी पडते. यंत्र प्रत्येक तपासणीची मात्रा नोंदवतेच. ती रुग्णाच्या अहवालात न चुकता छापली जावी, असा आग्रह क्ष-किरण यंत्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाने धरावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे