दाढ काढलीत, पण जागा राखलीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री बाजरीची भाकरी डाव्या दाढेखाली घेतली आणि जेवण संपेपर्यंत लक्षातच आलं नाही की ती दाढ तुम्ही बसवलेली आहे. हात धुताना आठवलं. तेव्हाच ठरवलं, पत्र लिहायचं.

लोक इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात, बसवल्याबद्दल आभार मानतात. मला मानायचेत ते त्याच्या पाच महिने आधीच्या दुपारचे. मुळाला उभी चीर गेलेली ती दाढ वाचण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, "काढून टाका एकदाची, बाकीचं पुढे बघू." तुम्ही आरसा हातात दिलात आणि उजवीकडची रिकामी जागा दाखवलीत. तिथली दाढ पंधरा वर्षांपूर्वी दुसरीकडे काढली होती. कापूस चावायला दिला आणि मी पाच मिनिटांत रस्त्यावर. पुढे हाडाचं काय होतं ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता तिथलं हाड विळीच्या पात्यासारखं उरलंय.

दाताला धरून ठेवणारं हाड दातासाठीच असतं, दात गेला की ते ओसरायला लागतं, हे मला साठाव्या वर्षी कळलं. पहिल्या वर्षात रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. गालाकडची भिंत पातळ, ती आधी जाते. चार मिलिमीटरचा स्क्रू बसवायचा तर त्याच्या दोन्ही अंगांना हाड हवं, ते आणायचं कुठून? म्हणून दाढ काढल्याबरोबर खड्डा एका भुकटीने भरायचा. मुलगा बाहेर येऊन पुटपुटला, "बिल वाढवायचे प्रकार." तुम्ही ऐकलं असणार.

मग मी विचारलं, ही भुकटी कशाची? दुसऱ्या कुणी "औषध आहे" म्हणून वेळ मारून नेली असती. तुम्ही सरळ सांगितलंत, नेहमीची भुकटी गाईच्या हाडापासून करतात, सगळा सेंद्रिय भाग काढून टाकतात, वापर जगभर आहे. माझं मन धजेना. तुम्ही हसला नाहीत, शास्त्र शिकवलं नाहीत, कृत्रिम भुकटीचा पर्याय दिलात. वर आपणहून म्हणालात, "झाकायचा पडदाही बहुधा जनावराच्या कोलेजनचा असतो, तेव्हा तोही नको." माझंच रक्त काढून यंत्रात फिरवलंत आणि त्यातली पिवळसर, जेलीसारखी गुठळी दाबून वर ठेवलीत. शिरखुर्म्यापासून उपासापर्यंत सगळं मानणाऱ्या आमच्या गल्लीत मी ही गोष्ट दहा जणींना तरी सांगितली असेल.

आणखी एक. तुम्ही हमी दिली नाहीत. भुकटीने हाडाची झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. इम्प्लांट टिकणं हे रक्तातली साखर, हिरड्या आणि रोजच्या साफसफाईवर आहे, असं बजावलंत. मिश्री सोडायला लावलीत, तो राग मला महिनाभर होता.

स्कॅनमध्ये हाड पुरेसं दिसलं तेव्हा तुम्हीच जास्त खूश झालात. स्क्रू बसवताना माझी भीती घालवायला स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांची गोष्ट सांगितलीत: सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले तर निघेना, हाड त्याला घट्ट धरून बसलेलं, आणि 1965 साली त्यांनी माणसाच्या जबड्यात असा पहिला टायटॅनियमचा इम्प्लांट बसवला. मी तोंड उघडं ठेवून नुसती "आं" म्हणत होते.

उजव्या बाजूचं अजून ठरत नाही. तिथे आता हाड वाढवायची वेगळी शस्त्रक्रिया लागेल म्हणालात, आणि आत्ताच घाई नको असंही. माझ्या नणंदेची दाढ मात्र पुढच्या आठवड्यात काढायची आहे, तिच्या गावच्या डॉक्टरांकडे. तिला फोन करून सांगितलं, खुर्चीत बसायच्या आधी विचार, काढल्यावर त्या जागेचं काय करणार.

आपली,
डाव्या खालच्या दाढेची पेशंट